तार मेंदूत नांदायला हवी

आंब्याच्या खोडाला कुंपणाची तार बांधून ठेवली तर काही वर्षांनी काय होते, हे कोकणात कोणाला सांगायला नको. झाड तार झटकून टाकत नाही आणि तिला आपलेही म्हणत नाही. साल तिच्याभोवती वाढत राहते आणि एक दिवस तार खोडात गडप होते. परक्या वस्तूशी वागण्याची सजीवांची ही जुनी रीत आहे. बाहेर ढकलता आली तर ढकलायची, नाही तर भोवती भिंत उभारून तिला वेगळे पाडायचे. पायात मोडलेल्या काट्याच्या बाबतीत आपले शरीर हेच करते. मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडच्या बाबतीत मेंदूही हेच करतो.

मेंदू आणि यंत्र यांना जोडल्याच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेतील न्यूरालिंक कंपनीने मानेखालची हालचाल गमावलेल्या एका तरुणाच्या मेंदूत आपले पहिले यंत्र बसवले. केसाहून बारीक ६४ धागे आणि त्यांवर १,०२४ इलेक्ट्रोड. हा तरुण केवळ विचाराने संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला आणि जगभर कौतुक झाले. मात्र शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच त्यातले बरेच धागे मेंदूतून मागे सरकले आणि मिळणारे संकेत घटले. कंपनीने आज्ञावलीत बदल करून काम सावरून घेतले. कौतुकाच्या मानाने या दुसऱ्या बातमीची चर्चा थोडी झाली. खरे तर तीच अधिक बोलकी होती. मेंदूत इलेक्ट्रोड घालता येतो का, हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. तो तिथे किती वर्षे नांदेल, आणि त्या सगळ्या वर्षांत रुग्णाच्या पाठीशी कोण उभे असेल, हे दोन प्रश्न अजून सुटायचे आहेत.

हे प्रश्न अमेरिकेपुरते आहेत असे समजून पान उलटू नये. मेंदूत तार घेऊन जगणारी माणसे महाराष्ट्रात पाव शतकापासून आहेत.

मुंबईत रुजलेला उपचार

पार्किन्सन्स या आजारात हात कापतात, अंग ताठरते, पाऊल उचलत नाही. मेंदूतील डोपामीन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात, हे त्यामागचे कारण. लेव्होडोपा हे औषध पहिली काही वर्षे चांगले काम करते. पुढे अनेकांच्या बाबतीत त्याचा परिणाम लहरी होत जातो. गोळी घेतल्यावर तास-दोन तास बरे जातात, मग शरीर पुन्हा अडकते. कधी उलट, अंगाच्या अनावर हालचाली सुरू होतात. अशा निवडक रुग्णांसाठी ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’, म्हणजे मेंदूच्या खोल भागाला विजेची सौम्य चेतना देण्याचा उपचार आहे. वैद्यकीय जगात त्याला डीबीएस म्हणतात.

फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. आलिम-लुई बेनाबीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७मध्ये या आधुनिक उपचाराचा पाया घातला. अमेरिकेच्या औषध नियामकाने कंपासाठी १९९७मध्ये आणि पार्किन्सन्ससाठी २००२मध्ये त्याला मान्यता दिली. भारत यात फार मागे राहिला नाही. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९०च्या दशकाअखेरीस ही शस्त्रक्रिया सुरू केली आणि देशात ती रुजवण्यात मोठा वाटा उचलला. तिच्यानंतर वर्षानुवर्षे काय अडचणी येतात, याचा आपल्या रुग्णांवरील अभ्यासही त्यांनी प्रसिद्ध केला आहे. यशाच्या कहाण्या सगळेच सांगतात; पुढच्या अडचणींची अशी नोंद ठेवणे हे अधिक मोलाचे काम.

या शस्त्रक्रियेत कवटीला छोटे छिद्र पाडून सव्वा मिलिमीटर जाडीची तार मेंदूच्या खोल केंद्रापर्यंत नेतात. तिच्या टोकाशी प्लॅटिनम-इरिडियम या मिश्रधातूची कडी असतात. वीज देणारी हीच ती इलेक्ट्रोडची टोके. तारेचे दुसरे टोक त्वचेखालून कानामागून, मानेतून छातीपर्यंत येते आणि गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीला जोडले जाते. तिथून सेकंदाला साधारण १३० या वेगाने विजेचे स्पंद मेंदूत जात राहतात. आजार यामुळे बरा होत नाही. पण योग्य रुग्णाला स्वतःच्या हाताने चहाचा कप धरता येतो, सदऱ्याची बटणे लावता येतात. ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

मेंदूची हरकत

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणून तर अशी शस्त्रक्रिया रुग्ण जागा असतानाही करता येते. पण वेदना नसली तरी हरकत असते. मेंदूचा पोत पातळसर खरवसासारखा. त्यात घालायची सूक्ष्म सुई मात्र बहुधा सिलिकॉनची, म्हणजे संगणकाच्या चिपा ज्याच्या बनतात त्या पदार्थाची. मेंदूच्या तुलनेत सिलिकॉन कोट्यवधी पटींनी ताठ आहे. त्यात मेंदू कवटीत निश्चल नसतो. प्रत्येक नाडीबरोबर, प्रत्येक श्वासाबरोबर तो किंचित हलतो. सुई मात्र तारेने बाहेर बांधलेली असेल तर त्याच्यासोबत हलू शकत नाही. दिवसाला लाखभर नाडीचे ठोके पडतात. तितक्या वेळा ही ताठ सुई मऊ ऊतींना घासते.

इजा तर आत शिरतानाच झालेली असते. मेंदूत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे इतके दाट आहे की त्यांतली एकही न तोडता सुई आत नेणे जवळपास अशक्य. वाहिनी तुटली की रक्तातली, एरवी मेंदूत प्रवेश नसलेली प्रथिने आत झिरपतात आणि पहारेकरी जागे होतात. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी हे मेंदूचे पहारेकरी. त्या सुईवर चाल करून जातात आणि तिला खाऊन टाकता येते का पाहतात. येत नाही, तेव्हा दाह सुरू ठेवणारी रसायने सोडत राहतात. मग ॲस्ट्रोसाइट नावाच्या, चांदणीच्या आकाराच्या पेशी गोळा होतात आणि सुईभोवती दाट आवरण विणतात. उंदरांवरील प्रयोगांत हे आवरण साधारण सहा आठवड्यांत पक्के झालेले दिसते. त्याच वेळी सुईलगतच्या चेतापेशींची संख्या घटत जाते. एकेका चेतापेशीचा आवाज टिपायचा तर इलेक्ट्रोड तिच्यापासून केसाच्या जाडीइतक्या अंतरात हवा. नेमक्या त्याच पट्ट्यात पेशी कमी होतात आणि वर भिंत उभी राहते.

मग डीबीएसची तार वर्षानुवर्षे कशी चालते? भिंतीपलीकडच्या माणसाला मोठ्याने हाक मारली तर ऐकू जाते. त्याची कुजबुज मात्र आपल्याला ऐकू येत नाही. डीबीएस हाक मारते. तिचे काम मेंदूला संकेत देण्याचे असल्यामुळे पातळ आवरणातूनही वीज पोहोचते. डीबीएस घेतलेल्या रुग्णांच्या मृत्यूनंतर झालेल्या तपासण्यांत तारेभोवती असे आवरण आढळले आहे, आणि त्यांतल्या अनेकांना हयातीत उपचाराचा लाभही झालेला होता. तरीही मेंदूच्या या प्रतिक्रियेमुळे पहिल्या काही आठवड्यांत विजेला होणारा अडथळा बदलत राहतो. तारेची मात्रा लावण्यासाठी रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलावतात, त्याचे हे एक कारण. लुळ्या पडलेल्या माणसाच्या मेंदूतील ‘हात उचल’ ही आज्ञा वाचून यंत्राचा हात हलवायचा असेल, तर मात्र कुजबुज ऐकावी लागते. तिथे भिंत आड येते.

दोष सगळा मेंदूच्या माथी मारणेही बरोबर नाही. माकडांच्या मेंदूत बसवलेल्या ७८ इलेक्ट्रोड-संचांचा अभ्यास २०१३मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यांतले निम्म्याहून अधिक वर्षभरातच निकामी झाले होते, आणि बिघाडाचे सर्वांत मोठे कारण यांत्रिक होते, विशेषतः कवटीवरचा जोड. शिवाय शरीर आतून खारट आणि उबदार असते. खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या गजांचे काय होते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ठाऊक आहे. शरीरातले मीठ समुद्राच्या मानाने चौथाईच, पण तार चोवीस तास त्यात बुडालेली असते आणि वर पहारेकरी पेशींनी सोडलेली झोंबरी रसायने असतात. विद्युतरोधक आवरणाला पडलेली सूक्ष्म चीरही तारेला पुरते.

म्हणूनच टिकलेल्या उदाहरणांचे मोल मोठे आहे. मेंदूच्या झटक्यानंतर सुमारे १५ वर्षे हातपाय आणि वाचा गमावून बसलेल्या एका अमेरिकी महिलेने २०११मध्ये यांत्रिक हाताला मनाने आज्ञा देऊन कॉफीची बाटली तोंडाशी नेली आणि घोट घेतला. त्या वेळी तिच्या मेंदूतील इलेक्ट्रोड बसवून पाच वर्षे उलटून गेली होती. संकेत क्षीण झाले होते, पण संपले नव्हते. मेंदू आणि तार यांचा संसार होऊ शकतो, एवढी आशा त्या घोटाने दिली.

सोयरीक जुळवण्याचे मार्ग

शरीराशी एखाद्या पदार्थाचे जुळण्याच्या गुणाला जैवसुसंगतता म्हणतात. पूर्वी तिचा अर्थ एवढाच होता की पदार्थ विषारी नसावा, निमूट पडून राहावा. १९८०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स यांच्या पुढाकाराने ही व्याख्या बदलली. विशिष्ट कामासाठी, विशिष्ट जागी, शरीराकडून योग्य प्रतिसाद मिळवत पदार्थाने आपले काम करत राहणे म्हणजे सुसंगतता, असे आता मानतात. आपल्याकडे ‘नांदणे’ म्हणतात ते हेच. एका घरात नुसते राहणे वेगळे आणि नांदणे वेगळे.

हे नांदणे साधण्यासाठी जगभर चार-पाच वाटांनी प्रयत्न चालू आहेत. पहिली वाट मऊपणाची. सिलिकॉनऐवजी लवचीक प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर किंवा पाणीदार जेलीसारख्या पदार्थात इलेक्ट्रोड बसवायचे. अडचण अशी की मऊ धागा मेंदूत शिरतच नाही, वाकतो. दोरा ओवायला सुई लागते तशी त्याला आत जाण्यापुरती ताठ सुई लागते, आणि आत गेल्यावर ती काढून घ्यावी लागते किंवा विरघळावी लागते. या कोड्याचे एक देखणे उत्तर समुद्राने दिले. समुद्री काकडी हा तळाशी राहणारा प्राणी एरवी मऊ असतो, पण डिवचला की आपली त्वचा ताठ करतो. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील संशोधकांनी त्यावरून कोरडा असताना ताठ आणि ओला झाल्यावर मऊ पडणारा पदार्थ तयार केला आणि २००८मध्ये तो जगापुढे मांडला. मेंदूत शिरताना तो सुईसारखा वागतो आणि आतल्या ओलाव्याने नरमतो.

दुसरी वाट बारीकपणाची. कार्बनचा काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा धागा वापरला तर पहारेकरी पेशी त्याची फारशी दखल घेत नाहीत, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र टोक जितके लहान तितका विजेला अडथळा अधिक, म्हणून त्यावर वीजवाहक बहुवारिकाचा थर द्यावा लागतो. तिसरी वाट लेपाची. चेतापेशींना ओळखीची वाटणारी प्रथिने तारेवर लावायची, म्हणजे पाहुणा परका वाटणार नाही. इथेही समुद्र मदतीला आला. लाटांचा मार खात खडकाला चिकटून राहणारे शिंपले ज्या रसायनाच्या बळावर घट्ट बसतात, त्याच्याच नात्यातला एक चिकट थर २००७मध्ये प्रयोगशाळेत तयार झाला आणि पुढे चेतापेशींवरील इलेक्ट्रोडसाठीही वापरून पाहिला गेला. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या परिसरात वाढलेल्या मुलांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे एखादे कोडे खाडीच्या खडकावरही सुटलेले असू शकते.

चौथी वाट औषधाची. दाह शमवणारे स्टिरॉइड तारेच्या टोकाशी ठेवायचे आणि ते हळूहळू झिरपू द्यायचे. हृदयाच्या पेसमेकरच्या तारांत ही युक्ती १९८०च्या दशकापासून यशस्वीपणे वापरात आहे. मेंदूत तिने सुरुवातीचा दाह कमी होतो. पण औषध संपल्यावर काय, हा प्रश्न उरतो. पाचवी वाट सर्वांत चतुर आहे: मेंदूला टोचायचेच नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी जाळीच्या स्टेंटवर इलेक्ट्रोड बसवून तो मानेच्या शिरेतून मेंदूवरील मोठ्या शिरेत नेला. २०१९मध्ये तो पहिल्यांदा माणसात बसवला गेला. काही काळाने शिरेचे अस्तर त्याच्यावर वाढते आणि तो भिंतीतच सामावतो. आंब्याच्या सालीची जी रीत अन्यत्र शत्रू ठरते, तिलाच इथे कामाला लावले आहे. अर्थात मेंदूपासून जेवढे दूर, तेवढी कुजबुज अस्पष्ट. आणि शिरेत परकी वस्तू म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी औषधे आलीच.

या पाचांपैकी एकही वाट सर्वगुणसंपन्न नाही. प्रत्येकीत काही मिळवताना काही सोडावे लागते. पण सगळ्यांत एक उणीव समान आहे, ती काळाची. उंदरावरचा प्रयोग काही महिन्यांचा असतो, माकडावरचा काही वर्षांचा. ज्या माणसाला तार घेऊन जगायचे आहे त्याच्यापुढे वीस-तीस वर्षे असतात. प्रयोगशाळेत जुळलेली सोयरीक तीस वर्षे टिकेल की नाही, हे शेवटी तीस वर्षे लक्ष ठेवूनच कळते. इथे पदार्थविज्ञान संपते आणि व्यवस्थेचा प्रश्न सुरू होतो.

लक्ष कोण ठेवणार?

या बाबतीत आपला अनुभव कडू आहे. खुब्याच्या सांध्याचे ‘एएसआर’ हे धातूवर धातू घासणारे कृत्रिम रोपण जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातून परत बोलावले. घर्षणातून सुटणारे कोबाल्ट आणि क्रोमियम रुग्णांच्या ऊतींत आणि रक्तात जात होते. म्हणजे प्रश्न जैवसुसंगततेचाच होता. मुंबईत पोलीस तक्रार दाखल केली ती महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, आणि त्याबद्दल या खात्याला श्रेय दिले पाहिजे. पण पुढे केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने हिशेब मांडला तेव्हा कळले की भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नाही. समितीने किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली, परंतु ज्याला आपल्या खुब्यात काय आहे हेच ठाऊक नाही, तो भरपाई मागणार कशी?

खुब्याच्या बाबतीत हे घडू शकते तर मेंदूच्या बाबतीत घडणार नाही, असे मानायला आधार नाही. अमेरिकेत तर त्याहून विचित्र प्रकार झाला. अंधांच्या डोळ्यांत इलेक्ट्रोड बसवून थोडी दृष्टी देणाऱ्या सेकंड साइट कंपनीने २०२०मध्ये पैशांअभावी गाशा गुंडाळत आणला. जगभरातील साडेतीनशेच्या आसपास लोकांच्या डोळ्यांतली यंत्रे वाऱ्यावर सोडली गेली. यंत्र बिघडले तर सुटा भाग नाही, एमआरआय काढावा की नाही हे विचारायला माणूस नाही. शरीराने पदार्थ स्वीकारला होता. त्याची जबाबदारी घेणारी कंपनी मात्र उरली नाही.

भारतात काहीच झाले नाही असे नाही. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद करणारा ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम जुलै २०१५मध्ये सुरू झाला. त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम २०१७मध्ये आले आणि एप्रिल २०२०पासून सर्वच उपकरणे नियमनाखाली आली. देशी संशोधनाचीही परंपरा आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली हृदयाची झडप १९९०मध्ये पहिल्यांदा माणसात बसली आणि परदेशी झडपेच्या किमतीत फार खाली आली. शरीराला चालणारा पदार्थ शोधण्यात त्या संस्थेने वर्षेच्या वर्षे घालवली होती. मेंदूच्या इलेक्ट्रोडसाठी तसाच चिवटपणा आणि तसाच दीर्घकाळचा पैसा लागेल. पण अपायाची नोंद कोणीतरी कळवली तरच होते, आणि ज्याला रोपण कुठे, कोणते, कधी बसले याची यादीच नाही, तिथे कळवणार कोण? म्हणून डीबीएससह प्रत्येक कायमस्वरूपी रोपणाची राष्ट्रीय नोंदवही सक्तीची असावी. कंपनी बंद पडली तरी सुटे भाग, माहिती आणि दुरुस्ती यांची तरतूद परवाना देतानाच करून घ्यावी.

रत्नागिरीत काय हवे?

शस्त्रक्रिया मुंबईला किंवा पुण्याला होईल. ते योग्यही आहे. अशा कामाला सराव लागतो आणि सराव मोठ्या केंद्रातच होतो. पण शस्त्रक्रियेचे काही तास सोडले तर तार घेऊन रुग्ण जगतो तो आपल्या गावात. मुंबई इथून सव्वातीनशे किलोमीटरवर. बॅटरीवरची त्वचा लाल झाली, कानामागे तार टोचू लागली, कंप एकाएकी परतला, तर तो आधी जाणार गावच्या डॉक्टरकडे. लालीचा अर्थ तिथेच कळला तर जंतुसंसर्ग तारेपर्यंत पोहोचण्याआधी आटोक्यात येऊ शकतो. ‘मलम लावा, बघू’ म्हणण्यात आठवडा गेला तर अख्खी यंत्रणा काढावी लागू शकते. बॅटरीही कायमची नसते. साधी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, चार्ज होणारी अधिक टिकते. ती अचानक संपली तर काही रुग्णांची अवस्था तातडीची होते.

एक धोका तर घराजवळच्या दवाखान्यातच आहे. गुडघे-पाठदुखीसाठी फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत खोलवर शेक देणारे डायथर्मीचे यंत्र असते. डीबीएसच्या रुग्णाला तो शेक शरीराच्या कोणत्याही भागावर देऊ नये. त्यातली ऊर्जा तारेतून इलेक्ट्रोडच्या टोकाशी जाऊन मेंदूच्या ऊती भाजू शकतात. असा शेक घेतल्यावर मेंदूला गंभीर इजा होऊन रुग्ण दगावल्याचे सांगून अमेरिकेच्या नियामकाने २००२मध्येच इशारा दिला होता. यंत्र बंद ठेवले तरी हा धोका टळत नाही. चिपळूण असो, लांजा असो वा राजापूर, अशा प्रत्येक दवाखान्यात शेक देण्यापूर्वी ‘अंगात काही यंत्र बसवले आहे का?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. हा प्रश्न विचारायला एक रुपयाही लागत नाही. एमआरआय आणि इतर शस्त्रक्रियांत वापरले जाणारे विजेचे दहनयंत्र यांबाबतही बसवणाऱ्या केंद्राला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालय आहे. तिथे मेंदूची शस्त्रक्रिया सुरू करा, अशी आमची मागणी नाही. महिन्यातून एक दिवस रोपणधारकांची तपासणी, मुंबई-पुण्याच्या केंद्रांशी दूरध्वनीने किंवा दृश्यसंवादाने बांधलेला संपर्क आणि जिल्ह्यातल्या डॉक्टरांसाठी व फिजिओथेरपिस्टांसाठी वर्षातून एक उजळणी, एवढे केले तरी पुष्कळ. पार्किन्सन्स रुग्णांसाठी मुंबईत आणि पुण्यात स्वमदत गट वर्षानुवर्षे काम करत आहेत. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे काम जिल्ह्यात उभे राहिले तर रुग्णांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांना मोठा आधार होईल.

रुग्णांनीही काही गोष्टी हक्काने मागाव्यात. रोपणाचे ओळखपत्र सदैव जवळ बाळगावे आणि त्याची प्रत घरच्यांकडे द्यावी. शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे: तुमच्याकडे ही तार बसवलेले सर्वांत जुने रुग्ण किती वर्षांचे आहेत? तार बदलावी किंवा काढावी लागली, असे किती? बॅटरी किती वर्षे चालेल आणि दुसरीचा खर्च कोण करणार? अडचण आली तर रात्री कोणाला फोन करायचा? चांगला शल्यविशारद या प्रश्नांनी रागावत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च काही लाखांत जातो. अनेक कुटुंबे त्यासाठी ठेव मोडतात, बाग गहाण टाकतात. त्यांना पहिल्या दिवसाच्या यशासोबत दहाव्या वर्षाचा हिशेबही कळलाच पाहिजे.

मेंदूतल्या इलेक्ट्रोडची पुढची पिढी मऊ असेल, बारीक असेल, कदाचित समुद्री काकडीसारखी शहाणीही असेल. तिचे स्वागत करू. मात्र तिची परीक्षा घेताना आपण एकच पट्टी लावावी. किती इलेक्ट्रोड आहेत, संगणक किती वेगाने चालला, हे नंतर विचारावे. आधी विचारावे की दहा वर्षांनी ही तार कोणाच्या तरी मेंदूत सुखाने नांदते आहे का, आणि नांदत नसेल तर त्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकायला जवळपास कोणी आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळा देतील. दुसऱ्याचे उत्तर शासन, कंपन्या आणि जिल्ह्यातल्या वैद्यकीय व्यवस्थेने द्यायचे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहायची गरज नाही.